नुसता गोंगाट

कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेनच्या फुटपाथवर सामोल न्हावी बुद्धिबळाचा डाव मांडून बसले होते आणि भोवतीचे दहा रिक्षावाले रोजच्यासारखे ओरडत होते, "आजोबा, घोडा हलवा!" तेवढ्यात सर्वेक्षणाला आलेल्या बोफाने विचारलं, "आजोबा, एवढ्या देशांच्या क्रीडास्पर्धा आपल्याकडे भरवाव्यात का?"

"मुळीच नको! रस्ते बंद, माणसांची झुंबड, नुसता गोंगाट. लिही."

स्पर्धा भरल्याच. यजमानाच्या हक्काने देशाने आपलं हे हत्तीऐवजी होडी असलेलं कंबोडियन बुद्धिबळही त्यात घातलं आणि उघड्या मंडपातल्या गोंगाटात आधीच्या फेऱ्या जिंकत सामोल आजोबा थेट अंतिम फेरीत पोचले. पण अंतिम फेरी बंद हॉलमध्ये होती आणि तिथल्या शांततेत त्यांना काही सुचेना. पहिला डाव गेला. दुसऱ्या डावाला, प्रवेश फुकट म्हणून, रिक्षावाल्यांचं टोळकं येऊन बसलं आणि सवयीने ओरडलं, "होडी पुढे काढा!" पंचांनी हाकललं, तर ते खिडकीखालून ओरडायला लागले. आजोबा गालात हसले. चाळीस वर्षं ते या टोळक्याच्या बरोबर उलट खेळूनच जिंकत आले होते.

गळ्यात सुवर्णपदक घालून ते फुटपाथवर परतले, तेव्हा बोफा वही घेऊन हजर. "आता काय लिहू?"

"भरवा म्हणावं, दरवर्षी भरवा. फक्त त्या हॉलात फार शांतता असते, तेवढं बघा."