पिकअपचा हप्ता

हॉस्पिटलची बिलं फिटेनात, तेव्हा ओहायोतल्या ट्वायलाने दिवाळखोरीचा अर्ज केला. वकील म्हणाला, "बाई, बाकी सगळं कर्ज सुटतंय. या पिकअपचं तेवढं पुन्हा डोक्यावर घेऊ नका. नेऊ द्या बँकेला ओढून."

तिने ऐकलं नाही. गाडी ठेवायच्या करारावर तिने डाव्या हाताने सही केली, उजवा प्लास्टरमध्ये होता. वकिलाने आपली सही द्यायला साफ नकार दिला, म्हणून कागद जजबाईंसमोर गेला.

जजबाईंनी आधी प्लास्टर पाहिलं, मग फुटलेला ओठ.

"गाडी कोण चालवतं?"

"नवरा. व्हर्लिन."

"अर्धा पगार हप्त्यात जाईल तुमचा. त्यानेच मारून सही घेतली ना? घाबरू नका, हा करार मी आत्ता रद्द करते."

"नको मॅडम! त्याला तर ठाऊकही नाही. माझ्या मर्जीने केलीय."

"अहो, पण का?"

 

"मागच्या महिन्यात गाडी नऊ दिवस गॅरेजात होती, मॅडम. नऊ दिवस तो घरातच होता."