दानखात्यातले नऊशे दिनार

"'प्रकरणं शून्य' हे कोणी लिहिलं?" बद्रियाने छपाईला निघालेला वार्षिक अहवाल टेबलावर आपटला.

बिनव्याजी इस्लामी बँकेचे मुख्याधिकारी कॉफी पीत होते. बहरीनच्या राजधानीत, सगळं मनामा त्यांना बू-राशिद म्हणतं. शेजारी शेख याकूब बसले होते, व्यवहार धर्माला धरून आहेत का ते पाहणाऱ्या बँकेच्या धर्ममंडळातले सर्वांत वयस्कर.

"मी लिहिलं," बू-राशिद म्हणाले. "बस. खजूर घे."

ती बसली नाही. अहवालातलं भ्रष्टाचाराचं पान लिहिणं हे तिचं काम, आणि तिने 'प्रकरण एक' असं लिहून दिलं होतं. मुहर्रक शाखेचा मॅनेजर वलीद याने एका मच्छीमाराला होडीचं इंजिन हप्त्याने मंजूर करतो म्हणून नऊशे दिनार खाल्ले, आणि मंजूर काहीच केलं नाही. काउंटरवरच्या सुकैनाने तक्रार केली. वलीद पकडला गेला तेव्हा त्याने पैसे गुपचूप बँकेत आणून भरले. तो अध्यक्षांचा भाचा, त्यामुळे पुढे कोणी ब्र काढला नाही.

"लाच लाच काय लावलंयस?" बू-राशिद म्हणाले. "पैसे आले, दानखात्यात गेले, शेखांनी सही केली. विषय स्वच्छ झाला."

चुकून आलेलं व्याज, उशिरा हप्ता भरणाऱ्यांचा दंड, असा जो पैसा या बँकेला वर्ज्य, तो दानखात्यात जातो. अशा पैशाच्या यादीवर धर्ममंडळाची सही लागते. शेखांनी हातातला कप खाली ठेवला.

"मला दाखवलेल्या यादीत 'इतर अशुद्ध उत्पन्न' लिहिलं होतं."

"तेच ते, शेख."

"तेच कसं? चुकून आलेल्या व्याजाला धनी नसतो, म्हणून ते दान करायचं. या पैशाला धनी आहे. ज्याचे घेतले त्याच्या हातात द्यायचे. हे मी तुम्हाला या वयात शिकवू?"

बू-राशिद यांनी खिडकीकडे बोट केलं. रस्त्यापलीकडे व्याजावर चालणारी बँक होती. "त्यांनी गेल्या वर्षी चार प्रकरणं छापली. त्यांचा शेअर किती पडला बघितलात? आपला नफा चौदा टक्क्यांनी वाढलाय. लोक आपल्याकडे येतात, ते इथे असलं काही होत नाही म्हणून."

"होतं," बद्रिया म्हणाली. "ते छापतात, आपण धुऊन काढतो. आणि प्रकरण शून्य म्हणजे सुकैनाची तक्रार खोटी. खोटी तक्रार करणाऱ्याला कामावरून काढायचं, हे याच पानावर खाली छापलंय."

"तिचं पत्र तयार आहे. दोन महिन्यांचा पगारही देतोय. आणखी काय करू?"

शेखांनी यादी मागवली, पेन काढलं आणि आपल्या सहीवर आडवी रेघ मारली. रेघ इतकी दाबून मारली की कागद फाटला.

"मंडळात तिघं आहात," बू-राशिद शांतपणे म्हणाले. "दोन सह्या पुरतात."

बद्रियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुकैनाला काय सांगायचं? खरं बोललीस म्हणून घरी जा? आणखी काय काय धुतलंय ते तरी पाहू, म्हणून तिने अहवालाचं पान उलटलं. पुढचं पान दानखात्यातून केलेल्या दानधर्माचं होतं. पानभर एकच फोटो होता. बँकेचं नाव छापलेलं, तांदूळ-तेलाचं खोकं घेऊन एक माणूस उभा होता. खाली ओळ होती, 'एका गरजू कुटुंबाचा रमजान'.

तिने तो माणूस लगेच ओळखला. त्याच्याच घरात बसून तिने त्याचा जबाब लिहून घेतला होता. त्याने होडीचं जुनं इंजिन विकून वलीदला पैसे दिले होते. तेव्हापासून होडी किनाऱ्यावर पडून होती.

"हा जुमा आहे," ती म्हणाली.

"कोण जुमा?"

"ज्याचे नऊशे दिनार खाल्ले, तो."

बू-राशिद यांनी चष्मा लावला, फोटो नीट पाहिला, आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे, मग तर उत्तमच झालं. त्याचा पैसा त्याच्याच घरी पोचला. शेख, आता तरी सही करा."

शेखांनी अहवाल जवळ ओढला. खोकं दोन्ही हातांनी छातीशी धरून जुमा हसत होता.

"याला हसायला कोणी सांगितलं?" शेखांनी विचारलं.