शेंदराची जाडी

अनघाबाईंनी व्हर्निअरचे जबडे दगडाच्या दोन्ही कडांना टेकवले आणि आकडा वाचला. दोनशे सतरा मिलिमीटर. चष्मा पुसून पुन्हा वाचला. दोनशे सतराच.

नऊ वर्षांपूर्वी हा दगड रोवला, त्या दिवशी तो दोनशे दहा होता. वहीत त्यांच्याच अक्षरात तसं लिहिलेलं होतं.

कुरवंड्याच्या कड्यावरचा हा कंबरेएवढा दगड. दोन किलोमीटर उत्तरेला सरकारी वेधशाळेची दुर्बीण. रोज दिवस मावळायच्या आत दुर्बीण आधी ह्या दगडाच्या दोन कडा बघायची. त्यांचा मध्य म्हणजे नेमकी दक्षिण. त्यावरून मग ताऱ्यांच्या जागा मोजायच्या. नऊ वर्षांत मोजलेले सगळेच तारे किंचित एका बाजूला सरकलेले निघाले होते. चौकशी समितीनं ठपका ठेवला तो दुर्बिणीची निगा राखणाऱ्या अमृतवर. त्याच्या बडतर्फीचं पत्र अनघाबाईंच्या पिशवीत होतं. प्रमुख म्हणून त्यांची सही तेवढी राहिली होती. पाचच्या आत पत्र वर जायला हवं होतं.

"एवढं काय बगताय, बाई?" शेंदराची वाटी घेऊन सरूबाई चढ चढून आल्या. "द्येव कसा अंगानं भरलाय, न्हाई?"

"रोज लावता?"

"म्हंजी? तुमीच सांगितलं व्हतं की! पैलं बोट तुमचं. म्हनला, सरूबाई, एक दिवस खाडा पडू देऊ नका. पावसात, तापात, सून बाळंत झाली त्या दिशीबी न्हाई पडू दिला."

ते बोट अनघाबाईंना आठवलं. गुरुवारचा उपास होता. दगड उभा राहिला, माणसं खाली उतरली, सरूबाई तेवढ्या मागं राहिल्या आणि मोजणीला यश दे, असं पुटपुटत त्यांनी घाईघाईनं बोट टेकवलं होतं. पुढं वेधशाळेतली मुलं म्हणायची, शेंदरामुळे खूण लांबून किती ठळक दिसते. शेंदराला जाडी असते, हे एकाच्याही मनात आलं नाही. त्यांच्याही नाही.

"आणि त्या अंगाला? पश्चिमेला?"

"तिकडं कुटं? दरी हाय की. पाय सटाकला तर थेट कोकणात, बिनतिकिटाचं!" सरूबाई हसल्या.

म्हणजे सगळा शेंदूर पूर्वेच्या कडेवर. सात मिलिमीटर. मध्य सरकला साडेतीन. तारेही त्याच हिशोबानं सरकले होते.

"सरूबाई, हा खरवडून काढला तर?"

सरूबाईंचं हसू जागच्या जागी थांबलं. "द्येवाचं कवच? त्ये त्याचं त्यो सोडतो. मानसानं हात लावायचा नसतो. तुमी एवढ्या उपासतापासाच्या, तुमाला म्या काय सांगायचं?"

सांगायला नकोच होतं. उंबऱ्याला हात लावून नमस्कार केल्याशिवाय अनघाबाई वेधशाळेत पाऊलही टाकत नसत.

फोन वाजला. कचेरीतून श्रीयश बोलत होता. "मॅडम, सही झाली का? अमृत सकाळपासून इथंच बाकावर बसलाय. डबासुद्धा उघडला नाही त्यानं."

अनघाबाईंनी दगडाकडे पाहिलं, मग पलीकडच्या दरीकडे. ओठांवर आलेलं देवाचं नाम तिथंच अडकलं.

"पत्र बदल, श्रीयश. कारण सापडलंय. अमृतचं नाव काढून टाक."

"काढतो. पण समितीला नाव तर द्यावंच लागेल, मॅडम." तो थांबला. "मग कुणाचं घालू?"

व्हर्निअर सोडवताना शेंदराचा एक टवका उडाला होता. तेवढ्या जागेतून आतला काळा दगड दिसत होता. सरूबाईंनी वाटीत अंगठा बुडवला, खळगा बुजवला, वरून हलकेच हात फिरवला. मग मान तिरकी करून पाहिलं.

"मॅडम? ऐकताय ना? कुणाचं?"

"बगा बाई," सरूबाई समाधानानं म्हणाल्या, "आता कायबी दिसत न्हाई."