दाबरक्षक

धरणातून पाणी सोडण्याचा भोंगा वाजला तेव्हा पद्मजा पुलावर होती. खाली नदीच्या उथळ पात्रात तिच्या सासूबाई गोधड्या धूत होत्या. त्यांना ऐकू येत नसे.

पद्मजा उतारावरून धावत सुटली आणि अर्ध्या वाटेतच तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सगळ्यांसारखा तिच्याही छातीत दाबरक्षक बसवलेला होता. त्यामुळे रक्तदाब कधीच वाढत नसे, आणि म्हणूनच आता कुणी धावतही नसे. पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावून रक्त तिकडे ओढलं जात होतं, पण दाबरक्षक हृदयाला जोर वाढवू देत नव्हता. मेंदूला रक्त पुरेना.

खाली बसून तिने दवाखान्यात फोन लावला. "डॉक्टर, माझा रक्षक तिथूनच बंद करा!"

"ताई, तुमच्या रक्तवाहिन्यांनी लहानपणापासून ताण सोसलेला नाही. एखादी फुटली तर?"

"सासूबाई बुडतील इथे! बंद करा!"

छातीत धाडकन काहीतरी सुटलं. कानशिलं ठणकू लागली, पण अंधारी ओसरली. ती धावली. सासूबाईंचा दंड धरून तिने त्यांना ओढत काठावर आणलं, तोवर मागून पाणी गर्जत आलं.

"बसू नका, चालत राहा," डॉक्टर फोनवर ओरडत होते. "एकदम थांबलात तर दाब कोसळेल."

दोघी चालत राहिल्या. पद्मजाचं मनगट धरलेल्या सासूबाई एकाएकी दचकल्या.

"रक्षक चालू करू का?" डॉक्टरांनी विचारलं.

"थोडं थांबा," पद्मजा म्हणाली.

सासूबाईंनी मनगटावर बोटं नीट टेकवली. "अगं, रक्षक नव्हते तेव्हा नाडी अशी उडायची," त्या म्हणाल्या, "विसरलेच होते मी."