सारखा घेर

टेप शेवटच्या खुंटीला टेकला तसा हेमराजनं सगळ्यांना ऐकू जाईल असा आकडा सांगितला. चौसष्ट मीटर. म्हणजे वहिनीच्या तुकड्याचे तीन धुरे, तिन्ही बाजूंचे बांध, एकशे छप्पन्न, शंभर आणि चौसष्ट. त्याच्या स्वतःच्या तुकड्याचे एकशे वीस, शंभर आणि शंभर. दोन्हींचा घेर तीनशे वीस.

मुखरूभाऊंनी मान डोलावली. आरमोरीजवळच्या त्या गावात वाटणीला त्यांचाच शब्द चाले. मोठा भाऊ वारल्यावर हेमराजनं धानाच्या वेड्यावाकड्या, चार बाजूंच्या बांधीत तिरपा धुरा टाकला आणि दोन तिकोनी तुकडे केले. वहिनीचा तुकडा अरुंद दिसत होता, पण लांबही दिसत होता. भरपाई झाली, असं लोक धरून चालले. मनकर्णा पदर ओढून गप्प उभी होती. नवरा गेल्यापासून तिनं दिराचं एकही बोलणं मोडलं नव्हतं.

मोडलं ते तिच्या मुलीनं. रीता आरमोरीला बी.एस्सी. करत होती.

“काकाजी, घेर सारखा हाये. जमीन सारखी नाई.”

हेमराज हसला. पोरींचा हक्क नसताना वाटा देऊन राह्यलो, वरून हिशोबही ऐकू काय, असं म्हणाला. रीता थांबली नाही. आमचा लांब धुरा एकशे छप्पन्न, बाकीचे दोन मिळून एकशे चौसष्ट, ती म्हणाली. फक्त आठ मीटर जास्त. तेवढेही नसते तर ते दोन्ही धुरे लांब धुऱ्यावरच आडवे पडले असते आणि मधात मातीच उरली नसती. तुमचे दोन धुरे तिसऱ्यापेक्षा ऐंशी मीटर जास्त आहेत, म्हणून तुमचं पोट रुंद. तीन बाजूंवरून क्षेत्रफळ काढता येतं. तुमचं अठ्ठेचाळीसशे चौरस मीटर, आमचं एकोणीसशे वीस.

मग मुखरूभाऊ म्हणाले, सूत्र आपल्याला समजत नाही, मोजमाप सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं आहे. त्यांनी मनकर्णाला हो म्हणायला सांगितलं.

मनकर्णानं पदर कमरेला खोचला. मधला धुरा ओलांडून ती दिराच्या तुकड्यात शिरली आणि बरोबर मध्यभागी जाऊन उभी राहिली.

“सारखेच हायेत ना, भाऊजी? मंग हा मी घेतो. तुमी तो घ्या.”

“त्या चिंधीत मी काय पिकवू?” हेमराजच्या तोंडून निघून गेलं.

मुखरूभाऊंनी मान खाली घातली.

“मले तेच विचारायचं होतं,” मनकर्णा म्हणाली, आणि चिखलात तिथंच खाली बसली.