तिसरी पुकार

पाळकसाहेबांनी लग्नाच्या पुकारीचा कागद उघडला, तशी बयाबाईंनी प्लास्टरमधला हात पदराखाली घेतला.

"दानिएल याकोब सातपुते आणि सुवार्ता शांतवन भोरे," पाळकसाहेब वाचू लागले. "या दोघांच्या लग्नाला कोणाची रास्त हरकत असेल, तर त्यांनी ती आत्ताच सांगावी. ही तिसरी आणि शेवटची पुकार आहे."

कोल्हापूरच्या त्या चर्चमध्ये प्रत्येक लग्नाआधी तीन रविवार अशी पुकार होई. वाचून झालं की पाळक क्षणभर थांबत. बायका तेवढ्यात पुस्तकातलं पुढचं गाणं काढून ठेवत, पुरुष घसा साफ करत. बयाबाईंना कळायला लागल्यापासून त्या क्षणात कधी कुणी उठलं नव्हतं. दोन हजार एक सालच्या ऑक्टोबरातला तो रविवार होता. दानिएल त्यांचा एकुलता एक मुलगा. पुढच्या शनिवारी त्याचं लग्न.

बयाबाई मोरीत घसरून पडल्या आणि त्यांचा हात मोडला, हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. त्यांनीच तसं सांगितलं होतं. डॉक्टरांनाही तेच सांगितलं. खरं काय ते फक्त त्यांना आणि दानूला माहीत होतं. दानू कागलच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला होता. शुद्धीत असला की आईचे पाय चेपून देई. पण आठवड्यातले तीन-चार दिवस तो शुद्धीत नसे. महिन्यापूर्वी तो पुन्हा प्यायला बाहेर निघाला, तेव्हा त्या दार अडवून उभ्या राहिल्या. त्यानं हात धरून पिरगळला.

लग्न झालं की मार्गी लागेल, असं त्यांची बहीण म्हणाली होती. बयाबाईंनाही ते पटलं होतं. सुवार्ताला त्यांनीच पसंत केलं होतं. मास्तरांची लेक, नर्सिंग झालेली, देवाला भिणारी. अशी पोरगी घरात आली की दानू सुधारेल. रोज पहाटे गुडघे टेकून त्या हेच मागत होत्या.

काल दुपारी सुवार्ता त्यांची वेणी घालायला आली होती. एका हाताने अंबाडा बांधता येत नव्हता.

"मावशी, आता एक आठवडा काढा कसाबसा," ती म्हणाली. "मग मी हायच की. तुम्ही नुसतं बसून हुकूम सोडायचा."

"आणि तू ऐकणार व्हय गं?"

"न्हाय ऐकलं तर मारा की! डावा हात शाबूत हाय अजून."

ती खळखळून हसली आणि पुढे वाकून त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारू लागली. तिचं मनगट बयाबाईंच्या डोळ्यांसमोर आलं. काकडीसारखं कोवळं. दोन बोटांत मावेल एवढं.

आज पहाटे बयाबाई प्रार्थनेला बसल्या, पण नेहमीचे शब्द तोंडातून निघेनात. मुलाला सुधार म्हणून त्या देवाला विनवत होत्या, आणि ते काम करायला दुसऱ्याची लेक आणून देत होत्या. तिला सांगितल्याशिवाय. आमेन न म्हणताच त्या उठल्या होत्या.

पाळकसाहेब थांबले. पानं फडफडली. बयाबाई उभ्या राहिल्या.

शेजारच्या बाळाबाईंनी त्यांचं लुगडं ओढलं. "बसा की वैनी. गाणं अजून सांगितलंया कुठं?"

बयाबाई बसल्या नाहीत. त्यांनी पदराखालचा हात बाहेर काढला.

"माझी हरकत हाय," त्या म्हणाल्या. "ह्यो हात मोरीत न्हाय मोडला. माझ्या दानूनं मोडलाय. त्यो पितोय. हे लपवून मी मास्तरांची लेक मागितली. पाप माझं हाय."

पेटी वाजवणाऱ्याचा हात चुकून पट्टीवर पडला आणि एक सूर उगाच वाजला. मागच्या बाकावर, पुरुषांच्या बाजूला दानू बसला होता. तिकडे बघायचं धाडस त्यांना झालं नाही.

शांतवन मास्तर उठले. "पाळकसाहेब," ते म्हणाले, "पुकार मागं घ्या."

उपासना कशीबशी संपली. बाहेर कडुनिंबाखाली सुवार्तानं बयाबाईंना गाठलं. तिचे डोळे लाल झाले होते. त्यांच्या गळ्यातली प्लास्टरची झोळी एका बाजूला सरकली होती, ती तिनं सोडली आणि नीट बांधली. मग त्यांच्या खांद्यावर कपाळ टेकून एकदाच मोठा श्वास सोडला.

मास्तर हात जोडून आले. "बाई, आमची लेक वाचली. पण तुमचं काय आता? त्याच घरात जायचं न्हवं तुम्हाला?"

"जाईन की," बयाबाई म्हणाल्या.

मंडळी पांगली. दानू बाहेर आला नव्हता. बयाबाईंची छाती इतकी हलकी कित्येक महिन्यांत झाली नव्हती. पोरगं आपलं तोंड पुन्हा बघणार नाही, असं धरूनच त्या आत गेल्या.

तो त्याच बाकावर होता. समोरच्या बाकावर डोकं टेकलेलं. बयाबाई शेजारी बसल्या. त्यानं आईचा प्लास्टरचा हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला, दोन्ही हातांनी, सांभाळून.

"आई," तो म्हणाला, "तिन्ही रविवार मीच उठणार हुतो. पाय उचलत न्हवतं."