पॉलिशला दिलेलं स्टूल

“आमचं स्टूल कुठाय?” सासरेबुवांनी प्रयोगशाळेच्या दारातूनच विचारलं.

जावईबापूंच्या हातातला चिमटा बशीत पडला. सासरेबुवा न सांगता-सवरता, इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत एक गोल गादी मारून थेट येऊन उभे होते.

“बाबा, तुम्ही इकडे कसे?”

“म्हटलं, बघून यावं एकदा. ही गादी शिवलीय त्याच्यावर घालायला. मधे भोक ठेवलंय बघा, गुंडीसाठी. दोन वर्षं टोचत असेल तुम्हाला. तुम्ही बोलायचे नाही, माहितीय मला.”

पोस्टातून निवृत्त झाल्यावर सासरेबुवांनी हाती करवत धरली होती आणि घरातल्या लाकडी सामानाने धसका घेतला होता. माप घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. पहिलंवहिलं स्टूल त्यांनी जावयाला दिलं. चार पाय चार लाकडांचे, चारही वेगळ्या लांबीचे. बसायच्या जागी मधोमध लाकडाची गाठ निघून भोक पडलेलं, ते बुजवायला ठोकलेली ड्रॉवरची पितळी गुंडी. जावईबापू घरी सांगायचे, स्टूल ऑफिसात ठेवलंय, रोज त्याच्यावरच बसतो.

ते होतं समुद्राच्या तळाशी.

जावईबापूंचं कामच तसं. उजेड पोचत नाही इतक्या खोल, ठिकठिकाणी लाकडाचे ठोकळे पिंजऱ्यात घालून सोडायचे, दोन वर्षांनी वर ओढायचे आणि कुठे कुठल्या जातीच्या शिंपल्यांनी लाकूड पोखरलंय ते नकाशावर मांडायचं. दोन वर्षांपूर्वी एका पिंजऱ्याला ठोकळा कमी पडला. लाकूड ते लाकूड, शिंपल्यांना काय त्याचं. काम झालं आणि ब्यादही बुडाली.

“स्टूल ना,” जावईबापू म्हणाले, “पॉलिशला दिलंय.”

“मी केलं होतं की पॉलिश.”

“ते उडालं. लोक फार बसतात हो त्याच्यावर.”

सासरेबुवांचा चेहरा असा काही उजळला की जावईबापूंना तिकडे बघवेना.

“टोचत नाही त्यांना?”

“सवय झालीय.”

खाली चहा घेऊ म्हणून त्यांनी सासऱ्यांना दाराकडे वळवलं, तोच त्या दारातून ट्रॉली आत आली. ट्रॉलीवर पाण्याने भरलेला टब आणि मागे खेकडेवाल्या मॅडम. मॅडम पूर्वी खेकड्यांवर काम करायच्या. तेव्हापासून नाव चिकटलं होतं आणि गुणही. एकदा धरलेलं सोडायच्या नाहीत.

“सर, कडेच्या पिंजऱ्यातलं हे बघितलंत? बाकी ठोकळ्यांत एकेक जात, फार तर दोन. ह्या एकट्यात पाच. आणि हा बारका शिंपला दिसतोय ना, ह्याचं वर्णन कुठल्याच पुस्तकात नाही. रात्रभर शोधलं मी.”

टबात लाकडाचा नुसता स्पंज उरला होता. पायांचे खुंट झालेले. जिथे बघावं तिथे भोक आणि भोकाभोकातून पांढरे शिंपले डोकावत होते. मधोमध तेवढी तळहाताएवढी फळी शाबूत होती, आणि तिच्यात हिरवट पडलेली एक गुंडी.

“पितळ आहे म्हणून तेवढं शिंपल्यांनी सोडलं असणार,” मॅडम म्हणाल्या. “कुणा शहाण्याने मधेच गुंडी ठोकलीय काय माहीत. आणलंत कुठून हे, सर? रिसर्च पेपरात लिहावं लागेल.”

“भंगारात मिळालं.”

दोन वर्षं ऑफिसात हेच सांगितलेलं, तेच तोंडातून गेलं. घरचं खोटं घरी आणि ऑफिसचं ऑफिसात, असं जावईबापूंनी आजवर वेगवेगळ्या चुलींवर शिजवलं होतं. एकाच खोलीत दोन्ही वाढायची वेळ येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

सासरेबुवांनी खिशातून चष्मा काढला. वाकले. पाण्यात बोट घालून गुंडीवरचा हिरवा थर जरा पुसला. मग बोट रुमालाला पुसलं आणि रुमालाची घडी नीट पहिल्यासारखी घालत बसले.

जावईबापूंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आत्ताच्या आत्ता आपल्यालाही कुणी पिंजऱ्यात घालून खाली सोडलं तर बरं, असं त्यांना झालं.

“भंगारच आहे, मॅडम,” सासरेबुवा म्हणाले. “पाय बघा ना. एकाला एक जुळत नाही.”

“तेच तर, काका. चार पाय चार लाकडांचे. त्यामुळेच इतक्या जाती आल्या असतील. ज्याने कुणी केलं त्याचे पाय धरायला पाहिजेत.”

“नको. तोल जाईल त्याचा.” सासरेबुवांनी पुन्हा टबात पाहिलं. “मी काय म्हणतो, खाली हे डुगडुगत असेल का?”

“खाली गाळ असतो हो, काका. मऊ मऊ. पाय आपोआप रुततात. तिथे काही डुगडुगत नाही.”

“मग बरं,” सासरेबुवा म्हणाले.

जावईबापूंनी “बाबा” म्हणायला तोंड उघडलं. सासरेबुवांनी काखेतली गादी काढून त्यांच्या हातात दिली.

“राहू द्या तुमच्याकडे. पॉलिशहून आलं की लागेल.”

आणि चहाबिहा काही न घेता ते जिना उतरून गेले.

“काय पॉलिशला दिलंय, सर?” मॅडमनी विचारलं.

जावईबापू गादी दोन्ही हातांत धरून टबाशी वाकून उभे होते. गादीच्या भोकातून पाण्याखालची गुंडी दिसत होती. जन्मात कधी माप न घेतलेल्या माणसाने भोक तेवढं बरोब्बर मापाचं कापलं होतं.